बाजारपेठेतील प्रवेश आणि त्रयस्थाचे नियमन : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

बाजारपेठ ही केवळ विक्रेता आणि खरेदीदार यांची भेट नसते. या दोघांमध्ये दलाल, अडत्या, तोलणार, मापाडी, हमाल अशी त्रयस्थांची एक साखळी असते. बाजाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी या त्रयस्थांना कोणत्या अटींवर आत घ्यावयाचे, याच्या नियमांचा इतिहास आहे. गेल्या तीन दशकांत बाजारपेठेचे एक नवे रूप, म्हणजे ऑनलाइन बाजारपेठ, उदयास आले आणि तिच्या पाठोपाठ एक नवा त्रयस्थही आला. हा त्रयस्थ माणूस नाही. ग्राहकाच्या वतीने संकेतस्थळावर जाऊन भाव पाहणारी, तुलना करणारी, बोली लावणारी आणि आता प्रत्यक्ष खरेदीही करणारी ही स्वयंचलित संगणक प्रणाली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉन कंपनीने पर्प्लेक्सिटी या कंपनीविरुद्ध अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दावा दाखल केला, तो याच प्रश्नावर. ग्राहकाने पाठविलेल्या अशा प्रणालीस बाजाराच्या मालकाने दार उघडलेच पाहिजे काय, हा त्यातील मूळ मुद्दा आहे.

हा प्रश्न नवीन भासत असला तरी त्याचा गाभा जुना आहे. दुसऱ्याच्या वतीने बाजारात येणारा कोण, तो कोणाच्या परवानगीने आला, त्याचा मोबदला कोण देतो आणि त्याने केलेल्या व्यवहाराचा हिशेब कोणास मिळतो, हे प्रश्न अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी सुमारे दीडशे वर्षे अनुभवले आहेत. या अनुभवाच्या आधारे ऑनलाइन बाजारपेठेतील स्वयंचलित त्रयस्थाच्या नियमांचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात शेतमाल बाजारातील मध्यस्थांच्या नियमनाचा विकास पाहणे.
२. ऑनलाइन बाजारपेठेत स्वयंचलित प्रणालीच्या प्रवेशाविषयी निर्माण झालेल्या नियमांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
३. या दोन्ही परंपरांची तुलना करून शेतकरी व ग्राहक यांच्या हिताच्या दृष्टीने निष्कर्ष मांडणे.

कागदाचा प्रश्न : १८७५ ते १८७९

अहमदनगर जिल्हा हा मुख्यतः अवर्षणप्रवण. शेतसारा रोखीने भरावयाचा आणि पीक हाती येईपर्यंत हातात रोकड नाही, या अडचणीतून शेतकरी सावकाराकडे जाई. बहुतेक वेळा जो सावकार तोच मालाचा खरेदीदार असे. म्हणजे कर्ज देणारा, हिशेब लिहिणारा आणि भाव ठरविणारा एकच. शेतकऱ्यास वाचता येत नसल्याने खतावर काय लिहिले आहे, व्याज किती धरले आहे आणि माल कोणत्या भावाने वळता केला आहे, हे त्याला कळत नसे.

या परिस्थितीचा स्फोट १८७५ मध्ये झाला. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी दंगलीस सुरुवात झाली आणि ती लगतच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांतील गावांत पसरली. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या कागदांवर होता. कर्जखते आणि हुकूमनामे मिळवून ते जाळणे हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट होते, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांनी वारंवार निदर्शनास आणली आहे. हिशेब ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हे निरक्षर शेतकऱ्याने अचूक ओळखले होते.

दंगलीच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो करण्यात आला होता. न्यायालयाने केवळ खतावर विसंबून न राहता व्यवहाराचा मूळापासून तपास करावा, शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावेत, सावकाराने पावती व वार्षिक हिशेब द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. सावकारीवर बंदी मात्र घातली नव्हती. कायद्याने मागितला तो उघडेपणा आणि हिशेब. पुढील काळातील बाजार नियमनाची बीजे याच भूमिकेत आढळतात.

याच सुमारास, १८७८ मध्ये, दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला. जिल्ह्यातील माल दूरच्या पेठांकडे जाऊ लागला आणि लोहमार्गालगतच्या गावांत व्यापार वाढला. बेलापूर रोड स्थानकाभोवती वाढलेले आजचे श्रीरामपूर हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाल्यानंतर प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पसरला आणि विक्रीयोग्य मालाचे प्रमाण वाढले. बाजार जसजसा गावापासून दूर गेला, तसतशी शेतकऱ्यास त्रयस्थाची गरजही वाढत गेली.

रुमालाखालच्या सौद्यापासून उघड्या लिलावापर्यंत

अनियंत्रित बाजारातील गैरप्रथांचे वर्णन १९२८ मध्ये सादर झालेल्या शाही कृषी आयोगाच्या अहवालात आढळते. वजनमापातील फसवणूक, नमुन्याच्या नावाखाली काढला जाणारा माल, मनमानी कपाती आणि एकाच दलालाने दोन्ही पक्षांचे काम पाहणे, या त्यातील प्रमुख तक्रारी होत. देशातील अनेक पेठांप्रमाणे महाराष्ट्रातही रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची पद्धत होती. माल शेतकऱ्याचा असे, पण त्याच्या भावाची बोलणी त्याच्याच समोर त्याच्यापासून लपवून होत.

या प्रथांवर उपाय म्हणून वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारांसाठी नियम झाले. मुंबई प्रांतात १९२७ चा कापूस बाजार कायदा आणि त्यानंतर १९३९ चा शेतमाल बाजार कायदा आला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन (नियमन) अधिनियम, १९६३ संमत होऊन १९६७ मध्ये अमलात आला. या अधिनियमाच्या कलम ६ नुसार बाजार क्षेत्रात व्यापारी, अडत्या, दलाल, तोलणार, मापाडी म्हणून काम करण्यास अनुज्ञप्ती आवश्यक ठरली. कलम ७ मध्ये अनुज्ञप्ती देण्याची, कलम ८ मध्ये ती निलंबित वा रद्द करण्याची आणि कलम ९ मध्ये त्याविरुद्ध अपिलाची तरतूद आहे. हे अधिकार वापरणाऱ्या बाजार समितीत शेतकरी, व्यापारी-अडते आणि हमाल-मापाडी यांचे प्रतिनिधी असतात.

अहमदनगर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, राहाता, नेवासा आदी ठिकाणच्या बाजार समित्यांचा कारभार या चौकटीत वाढला. नगरच्या बाजार समितीचा नेप्ती येथील उपबाजार आणि नेवासा तालुक्यातील घोडेगाव येथील उपबाजार कांद्याच्या लिलावांसाठी ओळखले जातात. अशा लिलावाची एक लक्षणीय बाब अशी की, तो कोणासही पाहता येतो. भावफलक वाचणे, निघालेला भाव गावी कळविणे, तो वृत्तपत्रात छापणे वा आकाशवाणीवरून सांगणे यास अनुज्ञप्ती लागत नाही. बोली लावण्यास मात्र ती लागते. भाव जाणून घेणे आणि सौदा करणे या दोन कृतींमध्ये बाजार समितीच्या व्यवहाराने केलेला हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

अनुज्ञप्तीची ही पद्धत निर्दोष नव्हती. जी अनुज्ञप्ती शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी होती, तीच काही ठिकाणी नव्या व्यापाऱ्यास बाहेर ठेवण्याचे साधन बनली आणि मोजक्या खरेदीदारांच्या संगनमताने लिलावातील स्पर्धा नाममात्र उरली, अशी टीका सातत्याने झाली. म्हणूनच २००३ मध्ये केंद्र शासनाने आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला आणि महाराष्ट्राने त्यानंतर आपल्या अधिनियमात सुधारणा करून खाजगी बाजार, थेट पणन व शेतकरी-ग्राहक बाजार यांना वाट करून दिली. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या बंधनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध लिलाव बंद ठेवले. मध्यस्थाचा मोबदला जो देतो, त्याच्याच बाजूने मध्यस्थ उभा राहतो काय, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी होता.

शेतमालाचा ऑनलाइन बाजार

संगणकाचा शेतमाल बाजारातील प्रवेश प्रथम माहितीच्या स्वरूपात झाला. २००० मध्ये सुरू झालेल्या ॲगमार्कनेट या केंद्रीय योजनेतून देशभरातील बाजार समित्यांची आवक व भाव संकेतस्थळावर येऊ लागले. सौद्याचा टप्पा १४ एप्रिल २०१६ रोजी आला. त्या दिवशी राष्ट्रीय कृषी बाजार म्हणजेच ई-नाम ही योजना ८ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातील बाजार समित्याही तिच्याशी जोडल्या गेल्या. राज्यभर चालणारी एकच अनुज्ञप्ती, एकाच ठिकाणी बाजार शुल्क आणि इलेक्ट्रॉनिक लिलाव, या तीन सुधारणा त्यासाठी राज्यांकडून अपेक्षित होत्या. १४ जुलै २०२२ रोजी ई-नामच्या अंतर्गत इतर मंचांना जोडून घेणारी व्यवस्था सुरू झाली. गुणवत्ता तपासणी, वाहतूक, साठवण, व्यापार अशा सेवा देणाऱ्या त्रयस्थ संस्था याद्वारे शासकीय बाजारात रीतसर, म्हणजे नोंद करून, येऊ लागल्या.

या दरम्यान २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या तीन कृषी कायद्यांपैकी एकात इलेक्ट्रॉनिक व्यापार मंचांविषयी तरतूद होती. एकल व्यक्ती वगळता कायम खाते क्रमांक असलेल्या संस्थेस असा मंच चालविता येणार होता. दीर्घ आंदोलनानंतर २०२१ च्या अखेरीस हे कायदे मागे घेण्यात आले. मंच चालविणाऱ्यावर देखरेख कोणाची आणि तंटा निर्माण झाल्यास शेतकऱ्याने दाद कोठे मागावयाची, हे त्या वेळच्या आक्षेपांतील महत्त्वाचे मुद्दे होते.

स्वयंचलित त्रयस्थ : नियमांचा क्रम

शेतमालाबाहेरील ऑनलाइन बाजारपेठेत हाच प्रश्न आधीच उभा राहिला होता. संकेतस्थळांवर फिरून माहिती गोळा करणाऱ्या स्वयंचलित प्रणाली १९९० च्या दशकाच्या आरंभी वाढल्या. त्यांच्यामुळे संगणकांवर ताण येऊ लागल्याने १९९४ मध्ये एक संकेत रूढ झाला. संकेतस्थळाच्या मालकाने एका छोट्या मजकूर-फाईलमध्ये कोणत्या भागात यंत्राने येऊ नये हे लिहावे आणि येणाऱ्या प्रणालीने ते पाळावे, असा हा संकेत होता. त्यामागे कायद्याची सक्ती नव्हती. तो दारावरील पाटीसारखा होता.

कायद्याची कसोटी मे २००० मध्ये लागली. बिडर्स एज ही कंपनी निरनिराळ्या लिलाव-संकेतस्थळांवरील बोली एकत्र करून ग्राहकास एके ठिकाणी दाखवीत असे. त्यासाठी तिची प्रणाली ईबे या लिलाव-बाजाराच्या संगणकांकडे दिवसाला सुमारे एक लाख वेळा विचारणा करी. कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने हा दुसऱ्याच्या मालमत्तेत केलेला हस्तक्षेप मानून तात्पुरता मनाईहुकूम दिला. ग्राहकाच्या सोयीपेक्षा मालकाचा मालमत्ता-हक्क येथे वरचढ ठरला. याउलट २०२२ मध्ये लिंक्डइन या संकेतस्थळाविषयीच्या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने वेगळा कल दर्शविला. सर्वांस खुली असलेली माहिती यंत्राने वाचणे म्हणजे अमेरिकेच्या संगणक-गैरवापर कायद्याखालील विनापरवाना प्रवेश नव्हे, असे प्राथमिक मत त्याने नोंदविले. मात्र त्या वादाच्या पुढील टप्प्यात संकेतस्थळाच्या वापर-अटींचा भंग हा स्वतंत्र मुद्दा निर्णायक ठरला.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे वा त्यातील माहिती उतरवून घेणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे. २००८ च्या सुधारणेनंतर तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच अधिनियमाचे कलम ११ तुलनेने दुर्लक्षित राहिले आहे. एखाद्या व्यक्तीने वा तिच्या वतीने स्वयंचलित चालण्यासाठी तयार केलेल्या प्रणालीने पाठविलेला संदेश त्या व्यक्तीचाच मानावा, असे हे कलम सांगते. म्हणजे यंत्राच्या कृतीची जबाबदारी यंत्र पाठविणाऱ्यावर येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील प्रतिनिधीविषयीच्या तत्त्वांशी हे सुसंगत आहे. त्या अधिनियमानुसार प्रतिनिधीने मालकास हिशेब द्यावयाचा असतो (कलम २१३) आणि मालकाच्या नकळत स्वतःच्या लाभासाठी व्यवहार केल्यास तो लाभ मालक मागू शकतो (कलम २१६).

सर्वसामान्य भारतीयास या प्रश्नाची ओळख झाली ती रेल्वेच्या तिकिटांमुळे. २००२ मध्ये ऑनलाइन आरक्षण सुरू झाल्यानंतर काही वर्षांतच बेकायदा प्रणालींच्या साहाय्याने तत्काळ तिकिटे काही सेकंदांत मिळविली जाऊ लागली आणि स्वतः प्रयत्न करणारा प्रवासी मागे पडू लागला. ९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम १४३ ऑनलाइन तिकिटांच्या अनधिकृत व्यवसायासही लागू होते, असा निर्णय दिला. १ जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटांसाठी आधार-पडताळणी आवश्यक झाली आणि अधिकृत दलालांना आरक्षणाच्या पहिल्या ३० मिनिटांत तत्काळ तिकीट काढण्यास मनाई करण्यात आली. दलालास येथे हाकलून दिलेले नाही. प्रथम प्रवासी आणि नंतर दलाल, असा क्रम तेवढा लावून दिला आहे.

प्रतिनिधी की घुसखोर?

२०२५ च्या दाव्यात या प्रश्नाने नवे वळण घेतले. पर्प्लेक्सिटीचा कॉमेट हा ब्राउझर ग्राहकाच्या खात्यातून, ग्राहकाच्या सांगण्यावरून खरेदी करू शकतो. तो आपली ओळख लपवून साध्या ब्राउझरच्या रूपात येतो, असा ॲमेझॉनचा आक्षेप होता. ग्राहकाने नेमलेल्या प्रतिनिधीस ग्राहकाइतकाच हक्क आहे, अशी पर्प्लेक्सिटीची भूमिका होती. ईबेनेही फेब्रुवारी २०२६ पासून लागू केलेल्या वापर-करारात, मानवी पडताळणीवाचून खरेदी करणाऱ्या प्रणालींना पूर्वपरवानगीशिवाय मनाई केली.

अहमदनगर जिल्ह्याच्या इतिहासाच्या प्रकाशात दोन्ही बाजूंमध्ये काही तथ्य आढळते. ओळख लपवून केलेला व्यवहार हा रुमालाखालच्या सौद्याचाच प्रकार होय. बोली लावणारा कोण हे समोरच्यास कळले पाहिजे, या अटीस अन्याय्य म्हणता येणार नाही. परंतु १९६३ च्या अधिनियमाखालील अनुज्ञप्ती आणि ऑनलाइन मंचाची परवानगी यांत मूलभूत अंतर आहे. बाजार समिती कायद्याने निर्माण झालेली आहे. तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात, ती स्वतः मालाचा व्यापार करण्यासाठी स्थापन झालेली नाही आणि तिच्या नकाराविरुद्ध अपील करता येते. याउलट ॲमेझॉनसारख्या मंचाच्या अटी मंचाचा मालक एकटा लिहितो, तोच त्या बदलतो आणि त्याच बाजारात तो स्वतःही विक्रेता असू शकतो. भाव मांडणारा, नियम करणारा आणि स्पर्धक एकच असणे, ही स्थिती १८७५ च्या गावातील स्थितीची आठवण करून देणारी आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये ऑनलाइन बाजारपेठांवर माहिती उघड करण्याच्या व तक्रार निवारणाच्या जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. तथापि ग्राहकाच्या स्वयंचलित प्रतिनिधीस प्रवेश द्यावा की नाकारावा, याविषयी ते नियम मौन पाळतात.

दुसरीकडे त्रयस्थ प्रणालीही निःस्वार्थ असतेच असे नाही. ती फुकट मिळत असेल तर तिचा मोबदला कोण देतो, हे विचारणे आवश्यक ठरते. ज्या विक्रेत्याकडून प्रणालीच्या मालकास वाटा मिळतो, त्याचाच माल ती प्रथम दाखवील, तर ती ग्राहकाची प्रतिनिधी राहणार नाही. अडत कोणी द्यावी हा २०१६ चा वाद येथे नव्या रूपात उपस्थित होतो.

निष्कर्ष

१. अहमदनगर जिल्ह्याच्या अनुभवावरून असे दिसते की, मध्यस्थाचे उच्चाटन करणारे नियम क्वचितच झाले. टिकले ते मध्यस्थास ओळख, नोंद आणि हिशेब यांच्या बंधनात आणणारे नियम. स्वयंचलित त्रयस्थासही हीच कसोटी लावणे उचित होईल.

२. भाव वाचणे आणि सौदा करणे यांत भेद करणे आवश्यक आहे. खुला भावफलक वाचण्यास मज्जाव केल्यास तुलना करण्याची ग्राहकाची व शेतकऱ्याची क्षमता नष्ट होते. मात्र मंचाच्या संगणकांवर अवाजवी भार पडणार नाही, अशी मर्यादा त्या वाचनास असावी. सौदा करणाऱ्या प्रणालीने आपली ओळख आणि आपण कोणाचे प्रतिनिधी आहोत हे जाहीर करावे.

३. प्रवेश नाकारण्याचा अधिकार मंचाच्या मालकास असला तरी त्याची कारणे लेखी असावीत आणि त्याविरुद्ध स्वतंत्र यंत्रणेकडे दाद मागता यावी. १९६३ च्या अधिनियमातील कलम ७ ते ९ हा त्यासाठी उपलब्ध असलेला देशी दाखला आहे.

४. अनुज्ञप्तीचा वापर स्पर्धा रोखण्यासाठी होऊ शकतो, हा बाजार समित्यांच्या इतिहासातील धडा ऑनलाइन मंचांनाही तितकाच लागू आहे.

नेप्ती वा घोडेगावच्या लिलावात शेतकरी आपल्या कांद्याच्या ढिगाशेजारी उभा राहू शकतो. बोली त्याच्या कानांवर पडते आणि भाव न पटल्यास तो नकार देऊ शकतो. ऑनलाइन बाजारात त्याला असे उभे राहता येत नाही. तेथे त्याच्या वतीने कोणीतरी, उद्या कदाचित एखादी संगणक प्रणालीच, उभी राहणार आहे. ती नेमकी कोणाची, हे ठरविणारा नियम केवळ बाजाराच्या मालकाने लिहावा की कायद्याने, हा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. १८७९ मध्ये याच जिल्ह्यासाठी झालेल्या कायद्याने सावकाराच्या वहीचा हिशेब शेतकऱ्यास मिळवून देण्याचा प्रयत्न केला होता. संगणकीय मध्यस्थाकडून असाच हिशेब घेणे, हे आजच्या कायद्यापुढील कार्य आहे.